झोपेचा हिशेब

झोपाळू, सुस्त, आळशी, कुंभकर्ण ही विशेषणे मराठी घरात लहानपणापासून कानी पडतात. उलट ‘चार तासांत त्याची झोप पुरी होते’ हे वाक्य नेहमी कौतुकानेच उच्चारले जाते. अर्जुनाचा गौरव गुडाकेश, म्हणजे निद्रेवर विजय मिळविलेला, असा केला गेला. कुंभकर्ण बलाढ्य होता, शूर होता आणि रावणाला त्याची चूक तोंडावर सांगण्याचे धैर्यही त्याच्याजवळ होते; तरी तो लोकांच्या लक्षात राहिला झोपेमुळेच. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकातील नववा समास निद्रानिरूपणासाठी राखून ठेवला आणि झोपेच्या अधीन झालेल्या माणसांच्या नाना तऱ्हांचे खट्याळ वर्णन त्यात केले. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला रविवारी सकाळी नऊ वाजता जाग आली, तर घड्याळाकडे पाहताच त्याच्या मनात प्रथम येते ती खंत. झोप छान झाली, हा विचार त्यानंतर येतो किंवा येतच नाही.

गेल्या काही वर्षांत या खंतीला एक जोडीदार मिळाला आहे. आठ तास झोप न मिळाल्यास स्मृतिभ्रंशापासून हृदयविकारापर्यंत काय काय होऊ शकते, याच्या याद्या सतत वाचनात येतात. मनगटावरचे यंत्र सकाळी उठल्या उठल्या रात्रीच्या झोपेला गुण देते. त्यामुळे जास्त झोपणारा आळशीपणाच्या आणि कमी झोपणारा बेपर्वाईच्या आरोपाखाली सापडतो. दोन्ही आरोपांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, झोप हा इच्छाशक्तीचा विषय असून प्रत्येकासाठी तिचे एकच योग्य माप आहे. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतील संशोधनाने या समजुतीला फारसा आधार ठेवलेला नाही.

झोप कशी येते?

झोप येण्यामागे शरीरातील दोन यंत्रणा काम करतात. स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये त्यांची जी मांडणी केली, तीच आजही या शास्त्राचा पाया मानली जाते. पहिली यंत्रणा साठ्याची आहे. आपण जितका वेळ जागे राहतो तितका मेंदूत अ‍ॅडिनोसिन या द्रव्याचा प्रभाव वाढत जातो आणि झोपेची ओढ तीव्र होते. झोपल्यावर ती ओसरते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याची मेंदूतील जागा अडवून बसते. त्यामुळे झोपेची गरज कमी होत नाही, ती जाणवेनाशी होते एवढेच. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारणपणे पाच तास लागतात. सायंकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो, तो असा.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका सुमारे चोवीस तासांचा ताल धरून शरीराचे तापमान, संप्रेरके आणि जागेपणा यांचे नियमन करतो. सकाळच्या उजेडावर तो स्वतःला रोज जुळवून घेतो. हे घड्याळ किती हट्टी असते याचा अनुभव शिकागो विद्यापीठातील नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९३८ मध्ये स्वतःवरच घेतला. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहा आहे. तेथे सूर्यप्रकाशाचा स्पर्श नसताना ते आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन ३२ दिवस राहिले आणि दिवस २८ तासांचा धरून जगण्याचा त्यांनी प्रयत्न केला. रिचर्डसन यांच्या शरीराने हा नवा दिवस बऱ्याच अंशी स्वीकारला. क्लाइटमन यांचे शरीर मात्र चोवीस तासांचा ताल सोडीना. ठरवून, निर्धाराने, शास्त्रासाठी केलेल्या प्रयत्नालाही शरीर दाद देत नाही, हे झोपेच्या पहिल्या मोठ्या अभ्यासकालाच असे कळले. (हे क्लाइटमन पुढे १०४ वर्षे जगले.) त्यांच्याच प्रयोगशाळेत युजीन असेरिन्स्की यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे स्वप्नांची, झोप शोधली. १९५३ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला आणि झोप म्हणजे मेंदूची निष्क्रियता ही कल्पना कायमची मागे पडली. शरीरातील घड्याळ पेशींच्या पातळीवर कसे चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

कोणाला किती?

अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये वयोगटानुसार जी मापे सुचविली ती आता सर्वत्र वापरली जातात. नवजात बालकाला १४ ते १७ तास, चार महिन्यांपासून वर्षापर्यंत १२ ते १५, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन ते पाच वर्षांपर्यंत १० ते १३, शाळकरी वयात ९ ते ११, चौदा ते सतरा या वयात ८ ते १०, प्रौढांना ७ ते ९ आणि पासष्टीनंतर ७ ते ८ तास. त्याच वर्षी निद्रातज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांनी प्रौढांसाठी ‘किमान सात’ अशी एकत्रित शिफारस केली.

या आकड्यांत महत्त्वाचे काय असेल, तर ते त्यांतील अंतर. सात आणि नऊ यांत दोन तासांचा फरक आहे. सात तासांत ताजातवाना होणारा नवरा आणि पावणेनऊ तास लागणारी बायको हे दोघेही पूर्णपणे निरोगी असू शकतात. त्यांपैकी एक उद्योगी व दुसरी सुस्त असा निष्कर्ष काढणे म्हणजे चपलेच्या मापावरून स्वभाव ठरविण्यासारखे आहे. झोपेची गरज बव्हंशी जन्मजात असते. सवयीने झोपेची वेळ काही प्रमाणात सरकविता येते. गरज कमी करता येते याला मात्र पुरावा नाही.

मग चार-पाच तासांवर भागणारी माणसे नसतातच का? असतात, पण अत्यंत थोडी. कॅलिफोर्निया विद्यापीठातील यिंग-हुई फू यांच्या गटाने २००९ मध्ये एका कुटुंबातील आई व मुलगी यांच्यात एका जनुकातील बदल शोधला. त्या दोघी वर्षानुवर्षे रोज सुमारे सव्वासहा तास झोपत आणि त्यांना कोणताही त्रास नव्हता. पुढे आणखी काही जनुकांतही असे बदल सापडले. येथे लक्षात घ्यायचे ते हे की, शास्त्रज्ञांना नवलाची वाटलेली ती ‘कमी झोप’ही सहा तासांच्या वरची होती.

उरलेले बहुतेक ‘अल्पनिद्र’ स्वतःची फसवणूक करीत असतात, असे म्हणण्यास आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हान डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग म्हणावा लागेल. निरोगी प्रौढांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले आणि त्यांचे अवधान, स्मरण व प्रतिसादाचा वेग पुन्हा पुन्हा तपासला. सहा वा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि दोन आठवड्यांअखेर एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी खालावली. पण ‘किती झोप येते आहे?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. आपल्याला सवय झाली, असे त्यांना वाटत होते. चाचणी तसे म्हणत नव्हती.

याचा व्यवहारातील अर्थ रस्त्यावर दिसतो. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखविले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे नियंत्रण रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतके बिघडते. आपल्या मोटार वाहन कायद्याने घातलेली मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पहाटे पाचला उठून, दिवसभर कचेरीत काम करून, रात्री मुंबईहून गावी निघालेला आणि मध्यरात्री घाटात पोहोचलेला चालक मद्याच्या थेंबालाही न शिवता या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. त्याला अडविणारे यंत्र मात्र कोणत्याही नाक्यावर नाही. खिडकीची काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे यांनी काही मिनिटे बरी जातात. गाडी बाजूला लावून वीस मिनिटे डोळे मिटणे हाच खरा उपाय. पण तेवढे थांबण्याचीही आपल्याला लाज वाटते.

अपुऱ्या झोपेचे परिणाम केवळ पेंगण्यापुरते नसतात. सलग सहा रात्री चार-चार तास झोपलेल्या तरुणांना फ्लूची लस दिली, तेव्हा दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे नेहमीप्रमाणे झोपलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी भरली. हा अभ्यास २००२ मधला. मुलांच्या वाढीस लागणारे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते. अभ्यासासाठी रात्र जागविणाऱ्या विद्यार्थ्याला हेही सांगायला हवे की, दिवसा वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतच करतो.

पहाटेचे पुण्य आणि मुंबईची ३९ मिनिटे

किती झोपलो यापेक्षाही केव्हा उठलो, यावरून आपल्याकडे अधिक न्यायनिवाडा होतो. रात्री दोनला निजून सहाला उठणारा कर्तबगार ठरतो आणि दोनला निजून नऊला उठणारा बेशिस्त. शाळेच्या पुस्तकातून पाठ झालेला लवकर निजण्या-उठण्याचा उपदेश हा मुळात एका इंग्रजी म्हणीचा मराठी अवतार. त्यातला ‘लवकर निजे’ हा अर्धा भाग कालांतराने गळून पडला. ब्राह्ममुहूर्ताचा दाखला दिला जातो तेव्हाही असेच होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात ब्राह्ममुहूर्ती उठण्यास सांगितले ते निरोगी माणसाला, आणि सांगितले त्या काळी अंधार पडल्यावर दिवा मालवण्यापलीकडे फारसे काही करण्यासारखे नव्हते. साडेचारला उठायचे असेल तर नऊ-साडेनऊला निजायला हवे. ज्या शहरात माणूस लोकलमधून उतरून साडेनऊला घरी पोहोचतो, तेथे हे गणित बसायचे कसे?

शिवाय ‘पहाटे पाच’ म्हणजे नेमके केव्हा? भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील सूर्यावर बेतलेली आहे. मुंबई त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला असल्याने येथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. मुंबईकरांनी ही नवी वेळ सहजासहजी पत्करली नाही. जुनी ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. म्हणजे आज मुंबईत पाचचा गजर वाजतो तेव्हा जुन्या मुंबईच्या घड्याळात चार वाजून एकवीस मिनिटेच झालेली असतात. नागपूरचा सूर्य त्याच घड्याळावर मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी उगवतो. जानेवारीच्या मध्यास मुंबईतील सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटे, सुरू होतो असे धरले, तर तो त्या दिवसांत पावणेसहाच्या जरा आधी लागतो. थंडीत साडेपाचला डोळा उघडला म्हणून हळहळणाऱ्याने स्वतःला शास्त्रापेक्षाही कडक शिक्षा केली, असेच म्हणावे लागेल.

काही माणसे जात्याच लवकर उठणारी असतात, काही जात्याच उशिरापर्यंत जागणारी. बरीचशी या दोहोंच्या मध्ये असतात. हा कल काहीसा आनुवंशिक असतो आणि वयानुसार सरकतो. वयात येताना शरीरातील घड्याळ एक-दोन तासांनी पुढे जाते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रात्री अकरापर्यंत टक्क जागा आणि सकाळी हाका मारूनही उठत नाही, तेव्हा मोबाइलचा वाटा त्यात असतोच. पण मोबाइल नसतानाही हे होत होते. पुढे वय वाढते तसे घड्याळ मागे येते आणि तोच मुलगा साठीनंतर पाचला उठून नातवाला उपदेश करू लागतो.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी आधीच्या डिसेंबरात बोलून दाखविल्यानंतरचा हा निर्णय. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, एकाच बसच्या दोन फेऱ्या, नोकरीवर जाणारे पालक अशा अडचणी त्यावर पुढे आल्या आणि त्या खऱ्या आहेत. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर उशिरा भरणाऱ्या शाळेची गरज चौथीपेक्षा नववी-दहावीच्या मुलांना अधिक आहे. त्यांच्याविषयी या आदेशात काही नाही.

वामकुक्षी

दुपारच्या झोपेची बदनामी आणखी वेगळी. दुकान एक ते चार बंद ठेवणारा पुणेकर आणि जेवणानंतर दार लोटून घेणारा गोवेकर यांच्यावरचे विनोद अजून संपलेले नाहीत. वस्तुतः दुपारी एक ते तीनच्या दरम्यान जागेपणाला येणारी ओहोटी शरीराच्या तालाचाच भाग आहे. जड जेवणाने ती वाढते, पण जेवण न करताही ती येते. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बल-अबल हे सारे निद्रेवर अवलंबून असते, असे म्हटले आणि रात्री स्वाभाविकपणे येणाऱ्या झोपेला भूतधात्री, म्हणजे प्राणिमात्रांचे पोषण करणारी, हे नाव दिले. दिवसा झोपू नये असे चरकाचे सर्वसाधारण मत. तरी ग्रीष्म ऋतू त्याने वगळला आणि अध्ययनाने, ओझे वाहून किंवा प्रवासाने थकलेले, वृद्ध, बालक, दुर्बळ अशी सवलत मिळणाऱ्यांची लांबलचक यादीही दिली. आजचा शहरी नोकरदार त्या यादीत एका ना एका खणात सहज बसेल.

या बाबतीत चेन्नईत झालेला एक अभ्यास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने तेथील अल्प उत्पन्न गटातील ४५२ प्रौढांना महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले आणि मनगटावरील यंत्राने त्यांची झोप मोजली. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. प्रत्यक्षात झोप मिळे ती साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, रहदारीचा आवाज, दाटीची घरे यांमुळे ती सतत मोडत असे. त्यांना सल्ला, डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानात घालायचे बोळे, काहींना पैशाचे प्रोत्साहनही दिले, तेव्हा रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढली. त्यामुळे काम वा कमाई वाढेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. याउलट कामाच्या जागी दुपारी अर्धा तास शांतपणे पडण्याची सोय मिळालेल्यांचे काम, अवधान आणि मनःस्थिती सुधारली. डुलकीत गेलेला वेळ कामातून वजा होत असल्याने कमाईचा हिशेब इतका सरळ राहिला नाही, हेही अभ्यासकांनी नमूद केले आहे. मोडक्या झोपेचा अर्धा तास वाढवून जे साधले नाही, ते निवांत डुलकीने साधले असे यातून दिसते. झोपेची प्रत आणि तिचे तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डुलकी वीस-तीस मिनिटांची असावी. तास-दीड तासाच्या झोपेतून मध्येच उठल्यास डोके जड होते आणि रात्रीची झोपही लांबते.

खंत कोणाच्या वाट्याला?

घरात सर्वांत शेवटी निजणारी आणि सर्वांत आधी उठणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि दुपारी तिचा डोळा लागला, तर कोणी दारावरची घंटा वाजविताच ‘नाही, झोपले नव्हते, जरा पडले होते’ असे सांगण्याची वेळ तिच्यावरच येते. सहाची लोकल पकडणाऱ्याचा डबा पाच वाजता आपोआप तयार होत नाही. झोपेचा अपराधीपणा घरातल्या सर्वांना सारखा वाटत नाही. ज्याच्या जागेपणावर इतरांची सोय अवलंबून असते, त्याला तो अधिक वाटतो. रात्रपाळी करणाऱ्यांचेही तसेच. परिचारिका, पोलीस, पहारेकरी, कॉल सेंटरमधील मुले, आणि सकाळी दारात पडणारे दूध व वर्तमानपत्र आणून पोहोचविणारे लोक दिवसा झोपतात, तेव्हा सोसायटीला ते दिवसभर लोळणारेच वाटतात. शरीराच्या तालाविरुद्ध चालणाऱ्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. त्यांच्या दिवसाच्या झोपेवर बेल वाजविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

कायद्याने मात्र झोपेकडे आदराने पाहिले आहे. रामलीला मैदानात झोपलेल्या आंदोलकांवर जून २०११ मध्ये मध्यरात्री झालेल्या पोलीस कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल दिला. त्यात झोप हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मत नोंदविले गेले. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब तपास यंत्रणेने रात्रभर जागवून नोंदविल्याबद्दल नापसंती व्यक्त केली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचे म्हटले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी घालणारे नियम तर २००० सालापासूनचे आहेत. गणेशोत्सवापासून लग्नसराईपर्यंत ते किती पाळले जातात, हे शहरातील वाचकांना सांगायला नको.

आठ तासांची धास्ती

आता दुसऱ्या, नव्या खंतीविषयी. अमेरिकेतील अकरा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनियल क्रिप्के यांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले ते सुमारे सात तास झोपणाऱ्यांत. आठ तासांवाल्यांत ते थोडे अधिक होते. यावरून आठवा तास धोकादायक ठरत नाही. आजारी, खिन्न वा वृद्ध माणसे जास्त वेळ अंथरुणावर असतात हे त्यामागचे कारण असू शकते. पण आठ या आकड्यात जादू नाही, एवढे यातून निश्चित कळते. वीज न पोहोचलेल्या टांझानियातील हाड्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या समाजांची झोप २०१५ मध्ये मोजली गेली, तेव्हा तीही रोज पावणेसहा ते सात तासांच्या घरात भरली. आपले पूर्वज निवांतपणे नऊ-दहा तास झोपत असत, ही कल्पना तपासून घ्यायला हवी.

झोपेच्या काळजीने झोप उडते हे निद्रानाशाचे जुने दुखणे आहे. मनगटावरील यंत्रांनी त्यात भर घातली. यंत्रातील आकडे सुधारण्याच्या ध्यासाने झोप बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन करताना अमेरिकी डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दच बनविला. त्याआधी, २०१४ मध्ये, एक गमतीदार प्रयोग झाला होता. तुमची रात्रीची झोप चांगल्या प्रतीची झाली किंवा वाईट झाली, असे विद्यार्थ्यांना खोटेच सांगून त्यांची चाचणी घेतली, तर ‘वाईट’ ऐकलेल्यांना कमी गुण मिळाले. यंत्राने सकाळी दिलेला निकाल वाचून आपण दिवस कसा घालवतो, याचा विचार त्यावरून ज्याने त्याने करावा. मध्यरात्री एकदा जाग येणे हाही दोष नव्हे. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकिर्च यांनी जुन्या युरोपातील कागदपत्रांतून रात्रीच्या ‘पहिल्या’ व ‘दुसऱ्या’ झोपेचे असंख्य उल्लेख शोधून काढले आहेत. साठीनंतर गाढ झोप कमी होते आणि जाग वरचेवर येते, ते वयाचे लक्षण आहे.

झोप पुरेशी आहे की नाही हे ओळखण्याची साधी रीत अशी. सुटीच्या दिवसांत, गजर न लावता, पहिले तीन-चार दिवस साठलेली कसर भरून निघू द्यावी आणि त्यानंतर आपोआप किती तासांनी जाग येते ते पाहावे. तो आपला आकडा. एरवीही गजराशिवाय उठता येत असेल आणि दुपारच्या सभेत, बसमध्ये वा वाचताना डोळे मिटत नसतील तर चिंता करू नये, मग तास सव्वासहा असोत की नऊ. रविवारी मात्र तीन-चार तास अधिक झोप लागत असेल, तर आठवडाभराची कसर राहिली आहे, असे समजावे. तो आळस नाही.

काही गोष्टींसाठी डॉक्टरांकडेच जायला हवे. मोठ्याने घोरणे, घोरताना श्वास थांबून दचकून जाग येणे आणि दिवसा अनावर झोप येणे ही निद्राश्वसनरोधाची लक्षणे आहेत. रक्तदाब व हृदयविकाराशी त्याचा संबंध आहे आणि त्यावर उपचारही आहेत. नऊ-दहा तास झोपूनही थकवा जात नसेल तर थायरॉइड, रक्तक्षय आणि नैराश्य यांची तपासणी करावी. या घरात वर्षानुवर्षे ‘आळशी’ ठरविलेली एखादी व्यक्ती प्रत्यक्षात आजारी असते, हा अपराधीपणाचा सर्वांत मोठा तोटा. आठवड्यातून तीन वा अधिक रात्री आणि असे तीन महिने झोप लागत नसेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यावर गोळ्यांच्या आधी वर्तनोपचार करावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. त्यातला मुख्य भाग ऐकताना उलटा वाटतो. झोप येत नाही म्हणून नऊलाच अंथरूण गाठणाऱ्याला अंथरुणावरचा वेळ कमी करण्यास, जाग येऊन वीसेक मिनिटे तळमळत पडल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसण्यास आणि सकाळी रोज एकाच वेळी उठण्यास सांगितले जाते. सुरुवातीचे काही दिवस झोप आणखी कमी होते, त्यामुळे वाहन चालविणाऱ्यांनी व अपस्मार वा तीव्र मनोविकार असलेल्यांनी हे तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये. त्यांच्याकडे जाताना दोन आठवड्यांची टिपणवही सोबत न्यावी: निजण्याची वेळ, जाग आल्याच्या वेळा, उठण्याची वेळ, दुपारची डुलकी आणि शेवटचा चहा किती वाजता घेतला ते.